मावशी, जावईबापू आणि मुका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. ते बसवायला आलेला माणूस प्रत्येक टेबलाशी थांबून एकच प्रश्न विचारत होता, "मॅडम, ब्राउझर कुठला ठेवू? लिंक दाबली की आपोआप कुठला उघडू दे?" सगळ्यांनी नेहमीचा सांगितला. मी कोपऱ्यात पडलेल्या तिसऱ्याच एका ब्राउझरचं नाव घेतलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "हा कोणी वापरत नाही हो. ह्याच्यात मराठी भाषांतराची सोयसुद्धा नाही," तो म्हणाला. "म्हणूनच ठेवा," मी म्हणाले.

पलीकडच्या टेबलावरची आक्का फाईल तोंडापुढे धरून हसली. आक्का माझ्याहून थोडी मोठी, धारवाडकडची, घरात कानडी बोलणारी. माझ्या या आवडीचं कारण ऑफिसात तिला एकटीला ठाऊक आहे, आणि तिलाही अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मी मूळची कागलजवळच्या एका खेड्यातली. बेळगावहून निघालं की निपाणी मागे पडते, मग हद्दीवरचा कोगनोळीचा नाका, आणि नाका ओलांडला की महाराष्ट्रात माझं माहेर. लग्न होऊन बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्याला आले तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी कर्नाटकात दिलीया, पर घर मराठीच हाय." ती खोटं बोलत नव्हती. बेळगावात माझी भाजीवाली मराठी, रिक्षावाला मराठी, टिळकवाडीतला दाताचा डॉक्टर मराठी. देवळातला पुजारी कानडी होता, पण भांडायचा मराठीत. मला एकही कानडी अक्षर शिकायची गरज पडली नाही. कोणी कानडीत काही विचारलं तर 'हौदु री' म्हणायचं, म्हणजे 'होय हो', आणि पुढे चालायचं. एवढ्या भांडवलावर माझा संसार मजेत चालला होता.

मग नवरा गेला. रविवारी सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. तो सरकारी खात्यात कारकून होता, त्याच्या जागी अनुकंपा म्हणून मला घेतलं. घरात मागे उरलो आम्ही तिघं: मी, माझी शाळेत जाणारी मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. नोकरी नको म्हणायची ऐपत कुणाची होती? फक्त तिला एक अट होती. ठरलेल्या मुदतीत कन्नडची परीक्षा पास झाले तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

आता आप्पांचं सांगते. आप्पांनी सगळा जन्म फाउंड्रीत लोखंड ओतलं आणि उरलेल्या वेळात सीमाभागासाठी घोषणा दिल्या. हे गाव महाराष्ट्रात गेलं पाहिजे म्हणून ते हिंडलग्याच्या तुरुंगातही जाऊन आले. तुरुंग घरापासून इतका जवळ की सुटल्यावर ते चालतच जेवायला घरी आले, असं सासूबाई हसून सांगायच्या. आप्पांनी घरात एक रीत घालून दिली होती. कानडी कागद सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, आत यायचा नाही. लाईटबिल, पाणीपट्टी, रेशनचा कागद, माझ्या नोकरीची ऑर्डर, सगळं सोप्यातल्या तारेला टोचून ठेवलेलं. आत कपाटात फक्त मराठी. बिल किती आलं ते मीटर बघायला येणाऱ्यालाच विचारून घ्यायचे. घर चालायचं कर्नाटक सरकारच्या पगारावर आणि त्या सरकारची अक्षरं मात्र उंबऱ्याबाहेर! हे मी मनात म्हणायचे. तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती.

ऑफिसात पहिल्या दिवशी स्क्रीन उघडला आणि मला घाम फुटला. अर्ज कानडी, बटणं कानडी, वरिष्ठांचे शेरे कानडी. ती अक्षरं मला लग्नात एकसारख्या साड्या नेसून बसलेल्या जावांसारखी दिसत होती, थोरली कोण आणि धाकटी कोण काही कळेना. तेव्हा मला ब्राउझर म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. इंटरनेटची पानं ज्यातून बघायची ती खिडकी, एवढं आक्काने सांगितलं. माझ्या कॉम्प्युटरवर अशा तीन खिडक्या होत्या. त्यांची खरी नावं काहीतरी इंग्रजी होती. मी त्यांना आपली नावं ठेवली.

पहिला कॉम्प्युटरबरोबरच आलेला. न बोलावता उघडायचा, 'मलाच मुख्य करा' म्हणून हटून बसायचा, बंद केला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो जावईबापू. दुसरी मावशी. मावशीत कानडी पान उघडलं की वर एक पट्टी यायची, 'हे पान मराठीत हवं का?' हो म्हटलं की डोळ्यांदेखत सगळं पान मराठी व्हायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला त्या टेबलाच्या पाया पडावंसं वाटलं. तिसरा कोपऱ्यात पडून असायचा. काही विचारायचा नाही, काही सुचवायचा नाही, आणि बंद केला की मागचं सगळं विसरून जायचा. तो मुका. त्याच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

मावशीच्या जिवावर मी नोकरी रेटली. आलेला अर्ज मराठीत वाचायचा, उत्तर मराठीत लिहायचं, मावशीकडून कानडी करून घ्यायचं आणि चिकटवायचं. साहेब मागून आले की पट्टी दाबून पान परत कानडी करायचं आणि गंभीर चेहऱ्याने त्याकडे बघत बसायचं. हळूहळू मला त्यात मजा यायला लागली होती, हे कबूल केलं पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली एका आडनावामुळे. मावशीला शब्द दिसला की ती त्याचं भाषांतर करायची, माणसाचं आडनाव असो की गावाचं नाव. एका दुपारी दाखला तयार झाला म्हणून मी दारात उभी राहून हाका मारत होते, "लोहार कोण? लोहार आलेत का?" बाकावर बसलेले लोक एकमेकांची तोंडं बघत होते. एक म्हातारा समोरच बसला होता, सकाळपासून. त्याचं आडनाव कानडी, धंद्यावरून पडलेलं, आणि मावशीने त्याचं मराठी करून टाकलेलं. तो कशाला उठेल? अखेर आक्काने माझ्या स्क्रीनकडे बघितलं, म्हाताऱ्याला कानडीत हाक मारली, दाखला दिला आणि मला चहाला बाहेर घेऊन गेली.

"तुमी कानडी वाचत न्हाय," ती म्हणाली. "मिशन वाचतंय. तुमी फकस्त बघताय."

मी 'हौदु री' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"परीक्षेला मिशन न्हाय हां. पेन आणि कागद. तिथं कोन सांगनार तुमाला?"

तोवर मी परीक्षा हा शब्द मनाच्या माळ्यावर टाकून दिला होता. आक्काने तो खाली काढून माझ्या पुढ्यात ठेवला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी पहिल्यांदा खरी घाबरले.

आता शिकायचं कुठे? शिकवणीला जावं तर मुलगी आणि स्वयंपाक. पुस्तक आणावं तर ते सोप्यातल्या तारेला टोचलं जाणार. उरला फोन. संध्याकाळी कपडे काढायच्या निमित्ताने मी गच्चीवर जायचे आणि फोनवरच्या मावशीत कानडी मुळाक्षरं उघडायचे. कन्नडची सरकारी परीक्षा, जुने पेपर, नापास झालं तर काय, असलं सगळं शोधायचे. पण मावशीची खोड अशी की शिकायचं पान उघडलं तरी पट्टी हजर. 'मराठीत हवं का?' दोन ओळी वाचून डोकं दुखायला लागलं की माझं बोट आपोआप तिकडे जायचं. पान मराठी झालं की मी कानडी शिकायचं सोडून मराठीतून कानडीविषयी वाचत बसायचे. अशाने काय येणार, कपाळ?

आणि मावशीची दुसरी खोड मला माहीतच नव्हती. ती पोटात काही ठेवत नाही.

झालं असं की आमच्या घरात इंटरनेटचं खातं एकच, नवऱ्याने काढलेलं. त्याचा फोन आता मी वापरते, त्याच्या टॅबवर आप्पा कोल्हापूरच्या बातम्या वाचतात, आणि दोन्हीकडे मावशी त्याच्याच खात्याने उघडते. वर कोपऱ्यात एका बारीक गोलात त्याचा फोटो येतो, निळ्या शर्टातला, रंकाळ्यावर काढलेला. तो फोटो जाईल म्हणून आम्ही कोणी ते खातं बदललं नाही. सकाळी टॅब उघडला की आप्पा आधी त्या गोलाकडे बघतात, मग बातम्यांकडे. आम्ही तिघं जिवंत माणसं एका मेलेल्या माणसाच्या खात्यात राहत होतो, आणि तिथून उठून जावं असं कोणालाच वाटत नव्हतं.

एके दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि सोप्यातून आप्पांचा आवाज आला. घर हादरलं.

"हे कुणी केलं? माझ्या टॅबवर ही कानडी कुठनं आली?"

मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. टॅबवर कोल्हापूरची एक बातमी आणि तिच्याखाली ओळीने सगळ्या कानडी. मावशीने ठरवून टाकलं होतं की या घराला आता कानडी आवडायला लागली आहे. मुलगी दप्तर भरता भरता थांबली. मी म्हणाले, "आपोआप येतंय ते आप्पा. आपण हद्दीवर ऱ्हातोय, त्याला कळत न्हाय आपण कुणीकडचं."

"मला कळतंय की मी कुणीकडचा!" आप्पा ओरडले. "ज्याला कानडी वाचायचंय त्यानं जावं धारवाडला. ह्या घरात न्हाय."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी तव्यासमोर बसून रडले, आणि रडता रडता मला संताप आला. पगार आणायचा मी, लपायचं मी, शिव्या खायच्या मी. पुढे आड, मागे विहीर, आणि मध्ये मी भाकरी थापत उभी.

त्याच आठवड्यात मी फोनवर मुका घेऊन आले. कारणं दोन. तो बोलत नाही, म्हणजे आप्पांच्या टॅबवर चुगली जात नाही. आणि तो मराठी करून देत नाही, म्हणजे मला पळून जायला वाट राहत नाही. ऑफिसातही मी मावशी बंद केली. पहिल्या दिवशी एक अर्ज वाचायला मला दुपार लागली. आक्का मध्ये मध्ये येऊन एखाद्या अक्षरावर बोट ठेवायची आणि निघून जायची. मुक्याच्या कोपऱ्यात नवऱ्याचा फोटोही नव्हता. तिथे नुसती राखाडी आकृती होती, कोणाचीच नसलेली. सुरुवातीला मला ते बघवायचं नाही. त्याच्या खात्यातून मी एकटीच बाहेर पडले आणि कोणाला सांगितलंही नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

पण अक्षरं सुटायला लागली. आमच्या घरात कानडी कागद आत येत नसला तरी दुधाची पिशवी येते, आणि तिच्यावर कानडी असतं, हे आप्पांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. एका सकाळी चुलीपाशी उभी राहून मी त्यावरचा शब्द स्वतः वाचला. 'हालु.' दूध. कोणी सांगितलं नाही, पट्टी आली नाही. मी पिशवी कात्रीने कापायची सोडून तशीच हातात धरून हसत उभी राहिले. मग बसच्या पाट्या, मग दुकानांच्या, मग साहेबांचे शेरे. साहेब माझ्याविषयी काय लिहितात तेही समजायला लागलं. ते न समजलेलंच बरं होतं.

दिवाळीत मुलीला घेऊन माहेरी गेले तेव्हा भावाने विषय काढला. गावातल्या पतसंस्थेत एक जागा होती, आणि दादाचा तिथे शब्द चालतो.

"कशाला मरतीस तिकडं?" दादा म्हणाला. "परीक्षा द्यायची आणि नापास व्हायचं. नोकरी गेली म्हणून सांगायचं आणि पोरीला घिऊन हिकडं यायचं. सगळं मराठी. मी हाय, आई हाय."

"आणि आप्पा?"

"तुझं आप्पा काय लहान हाईत? आणि तू आपणहून सोडलीस असं कुठं हुतंय? सरकारनंच काढलं म्हणायचं."

मी त्याच्यावर डाफरले, पण परतीच्या बसमध्ये तेच घोळत राहिलं. कोगनोळी यायच्या आधीच मी मुका उघडला आणि कागलच्या शाळा शोधल्या, मुलगी शेजारून वाकून बघत होती. एका शाळेचं मोठं मैदान होतं, मुली खो-खो खेळत होत्या, पाटी मराठी. मुका काही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे पुढे जेव्हा जेव्हा ती शाळा बघावीशी वाटली तेव्हा मला 'कागल' हा शब्द नव्याने लिहावा लागला. मी तो खूप वेळा लिहिला. गच्चीवर एका हाताने कानडी क्रियापदं घोकायची आणि दुसऱ्या हाताने कागल लिहायचं, असं माझं चाललं होतं. समोर तुरुंगाची लांब भिंत दिसायची. खरं सांगायचं तर मला त्या घरातून सुटायचं होतं. तो सोपा, ती तार, तो गोलातला फोटो, सगळ्यातून. पण 'आप्पा, मी जाते' हे वाक्य माझ्याने कुठल्याच भाषेत बोलवलं नसतं. नापास होणं म्हणजे न बोलता जाणं होतं. शिमग्यापर्यंत मी ठरवून टाकलं की परीक्षेला बसायचं आणि दोन मोठे प्रश्न कोरे सोडायचे.

परीक्षेआधीच्या रविवारी आप्पा न्हाव्याकडे गेले होते. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी पक्ष्यांची चित्रं हवी होती, म्हणून मी त्यांचा टॅब घेतला. उघडल्याबरोबर समोर कानडी. मी मनात म्हटलं, ही मावशी अजून सुधारली नाही. पण ती बातमी नव्हती. तो कन्नडच्या परीक्षेचा जुना पेपर होता. अक्षरं बोटाएवढी मोठी केलेली, आप्पा वाचतात तशी. वरची भाषांतराची पट्टी कुठे दिसेना. मी शोधली, तेव्हा कळलं की तिला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, 'कानडी पान कधीच बदलू नको.' मी तर कित्येक महिन्यांत मावशीला हात लावला नव्हता.

मी टॅब मांडीवर घेऊन बसले ती बसलेच. मुलगी "आई, पक्षी!" म्हणून कटकट करत होती. तेवढ्यात आप्पा आले, मानेवर पावडर तशीच. त्यांनी माझ्या मांडीवरचा टॅब बघितला. टोपी खुंटीला लावली आणि समोरच्या खाटेवर बसले.

"तिसरा प्रश्न अवघड हाय त्यातला," ते म्हणाले. "सोडवलास?"

माझं डोकं फिरलं. "तुमास्नी कानडी वाचाय येतंय?"

"फाउंड्रीत काय मराठीतनं लोखंड वतत हुतो? फोरमन कानडी, पाट्या कानडी. येतंय. येतंय म्हणून सांगायचं न्हाय, एवढंच."

"आणि मी चोरासारखी गच्चीत बसून शिकले! त्या दिवशी मग एवढं का वरडलासा माझ्यावर? जेवला न्हाईसा, पोरगी भ्याली..."

मी बरंच बोलले. इतक्या वर्षांचं मनात साठलेलं, तारेला टोचलेल्या कागदांपासून ते दुधाच्या पिशवीपर्यंत सगळं. आवाज चढला होता. मी थांबले तेव्हा आप्पा मुलीकडे बघत म्हणाले, "जा गं, बाहीर खेळ जा." ती गेली.

"कानडीसाठनं न्हाय वरडलो," ते म्हणाले. "त्या टॅबवर तू काय हुडकतीस तेबी आलतं. परीक्षा. नापास झालं तर काय. मला सांगितली न्हाईस तू. मी म्हटलं, ही न सांगता नापास झाल्यावरचं हुडकाय लागली म्हंजे ही माहेरला जाणार."

मी टॅब मांडीवर पालथा घातला.

"दादा बोलावतोय न्हवं तुला?"

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"तुझी पोरगी सांगती की. तिकडच्या शाळंत मोठं मैदान हाय म्हणून." आप्पांनी मानेवरची पावडर पुसली आणि हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सारा जन्म वरडलो, ह्यो गाव महाराष्ट्रात जाऊदे म्हणून. आता तुमी दोघी महाराष्ट्रात जाशीला म्हणून मला भ्या वाटतंय बघ. रातीची झोप येत न्हाय. पास हो, पोरी. मी शिकवतो. तिसरा प्रश्न मी सांगतो तुला."

त्यांनी खरंच शिकवलं. ते सगळे दिवस संध्याकाळी सोप्यात बसून, मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. माझे उच्चार चुकले की फाउंड्रीतल्या पोरांवर ओरडावं तसं ओरडायचे. माझी मुलगी बाजूला बसून खिदळायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखी घर आहे. मला मात्र श्वास घेता येत नव्हता. म्हातारा रागावला असता, रुसला असता, तर मी जाऊ शकले असते. त्याने माझ्यासमोर हात पसरले होते. त्या दिवसांत मी 'कागल' हा शब्द एकदाही लिहिला नाही. गच्चीवरही गेले नाही.

परीक्षेच्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर बसने आले. "तुमी कशाला? दोन बशी बदलायच्या," मी म्हणाले. "घरात बसून काय करू?" ते म्हणाले. परीक्षा शहरातल्या एका शाळेत होती. ते फाटकाशी झाडाखाली उभे राहिले. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि ठेवणीतल्या आवाजात कानडीत म्हणाले, "नीट वाच, मग लिही." रस्त्यात, चार माणसांत, पहिल्यांदा.

पेपर हातात आला. पहिला उतारा वाचला आणि सगळा कळला. दुसरा कळला. मोठे प्रश्न दोन्ही येणारे होते. माझ्या बाकावरून खिडकीतून फाटक दिसत होतं. दोन्ही कोरे सोडले असते तर कोणाला काय कळणार होतं? पर्यवेक्षकांना नाही, आक्काला नाही. आप्पांनीसुद्धा नशिबालाच दोष दिला असता, आणि मी महिन्याभरात बांधाबांध केली असती. मी पेन खाली ठेवलं. वर्गातला पंखा फिरत होता, मागची बाई भराभर लिहीत होती. आप्पांनी झाडाखाली उभं राहून राहून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

मी पेन उचललं आणि लिहिलं. दोन्ही प्रश्न, अक्षर नीट काढून, पुरवणी मागून घेऊन. लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला स्वतःचा असा राग येत होता की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं असतं. इतकं चांगलं कानडी मी पुन्हा कधी लिहिलेलं नाही.

बाहेर आले तर आप्पा पुढे झाले. "कसा गेला?"

"सोपा."

"समदं लिवलंस?"

"समदं."

त्यांनी मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता. "झाला का पेपर? पतसंस्थेवाले विचाराय लागल्यात," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा, आप्पा अगदी जवळ उभे, आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते ऐकत नसल्यासारखं रस्त्याकडे बघत होते.

"दादा," मी म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग."